कायद्यात न बसलेले पाच

कौशे, परवा तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, मांडव सुटला. तुझ्या फोटोखाली दादानं पेंटरकडून नाव लिहून आणलंय, कै. सौ. वैशाली. मी म्हटलं, निदान खाली बारीक अक्षरात कौसल्या तरी लिहून घ्यायचं. तर म्हणाला, "आता कुठं पुन्हा पेंटरकडं जाऊ? आन् लोकं म्हणतील दोन बाया होत्या का काय." माझं डोकंच फिरलं. तुझा नवरा असला तरी माझा सख्खा भाऊ आहे तो, आणि सुतक नुकतंच फिटलेलं, म्हणून तोंड आवरलं. सरकारनं तुला इतकी वर्षं दोन बायाच धरलं, तेव्हा ह्यानं एकदा तरी कचेरीत येऊन सांगायचं होतं, की ही एकच आहे आणि माझी आहे. नाही आला. बियाण्याचा सीझन होता म्हणे. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत काम करणाऱ्याला बाराही महिने सीझनच असतो.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तुझ्याबद्दलपण बोलणार, कारण आपलं भांडण अर्ध्यात टाकून तू निघून गेलीस आणि हे मला बिलकुल मंजूर नाही. शाळेपासून आपली रीत ठरलेली होती. भांडायचं कितीही, पण ज्या दिवशीचं त्या दिवशी मिटवायचं. ही रीत तूच घातलीस आणि तूच मोडलीस.

शाळा म्हणजे अंबडची. मी कुंभार पिंपळगावची, शिकायला अंबडला मामाकडं ठेवलेली. तू तिथलीच. तुझे वडील अर्जनवीस, कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. तुझ्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडलांनी काठी सोडून टाक धरला. शाळा सुटली की आपण त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायचो आणि ते लिहिता लिहिता सांगायचे, "पोरीहो, अर्ज बराबर लिहिला ना, तर कलेक्टरला पण जवाब द्यावा लागतो." तू ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलंस. मी नाही ठेवलं, म्हणून तर सरकारी नोकरीत टिकले.

मग तू माझी वहिनी झालीस आणि तुझं नाव गेलं. माझ्या आईचं नावही कौसल्याबाई. सासू-सुनेचं एकच नाव आमच्यात चालत नाही. आणि खरंच कसं चालावं? आईनं दिवसभर स्वतःच्याच नावानं हाका मारायच्या आणि स्वतःच्याच नावानं टोमणे मारायचे, हे तिला झेपलं नसतं. दादाला त्या वर्षी वैशाली नाव फॅशनचं वाटत होतं. ताटात तांदूळ पसरले, त्यानं अंगठीनं नाव काढलं, बायकांनी वाचलं, झालं. गावातल्या निम्म्या सुनांची नावं अशीच तांदळात गेलेली. कुणाचं काही अडत नव्हतं. चारचौघांत तू मला वन्सं म्हणायचीस, एकटीत शोभे. मी तुला कौशेच म्हणत राहिले. आई असेपर्यंत हळू, आई गेल्यावर मोठ्यानं.

एक गोष्ट तुला कधी बोलून दाखवली नाही, ती आता लिहिते. मी सासर सोडून आले तेव्हा आई दारातच उभी राहिली होती. लोक काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, सगळी यादी तिच्या तोंडावर दिसत होती. तू आतून आलीस, माझ्या हातातली पिशवी घेतलीस, आतल्या खोलीत खुंटीला अडकवलीस आणि चहा टाकलास. त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. पुढं दादाची नोकरी जालन्याला लागली तर तू मलाही संगं घेऊन आलीस, परीक्षेला बसवलंस, आणि मी आरोग्य खात्याच्या ऑफिसात क्लार्क झाले. तुझ्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण एक दिवस मला पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही. ते सगळं तुझ्यामुळं होतं.

मूल होत नव्हतं. पिंपळगाव रेणुकाईला जाऊन देवीची ओटी भरून झाली, जालन्यातले डॉक्टर झाले, काढे झाले, कुणीतरी सांगितलेले सोमवार झाले. शेवटी पुणं. नव्वदचं साल उलटून बरीच वर्षं झाल्ती तेव्हा. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की तुमचं दोघांचं घेऊन बाहेर काचेत गर्भ तयार करायचे, त्यातले दोन-तीन पिशवीत सोडायचे आणि उरलेले टाकीत गोठवून ठेवायचे. तिथं बसलेल्या बाकीच्या बायकांच्या तोंडावर काही समजल्याचं दिसत नव्हतं. तू मात्र लगेच म्हणालीस, "म्हंजे आमच्याकडं जनावराच्या डॉक्टरच्या फटफटीला वाफा सोडणारी टाकी असती, तशी ना?" डॉक्टरीणबाई हसल्या. अगदी तशीच, म्हणाल्या. दादा लाजून बाहेर जाऊन बसला.

मग कागदांची पाळी आली. रेशन कार्डावर वैशाली. वयाचा पुरावा मागितला, तर तो शाळेचा दाखला, त्यावर कौसल्या. तू अर्जनविसाची लेक, कागदावर खोटं एक अक्षर चालायचं नाही. जिथं कार्ड दाखवलंस तिथं वैशाली सांगितलंस, जिथं दाखला दाखवलास तिथं कौसल्या. बाहेरच्या फाइलवर वैशाली चढली. आत लॅबमधल्यांनी दाखला समोर ठेवून नळ्यांवर कौसल्या चिकटवली. मी तेव्हाच म्हटलं, एकच नाव सांग गं. तर तू मलाच शिकवलंस, "दोन्ही मीच है ना? दोन्ही लिवले तर एक तरी सापडंल." आपल्याकडं असंच चालतं. गावातले पोस्टमन, तलाठी, मास्तर सगळे दोन्ही नावं ओळखून असतात. पुण्यात कोण ओळखणार होतं?

पहिल्या वेळी तीन सोडले. राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात गेले. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तू भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस, आणि उठून बसलीस तेव्हा पहिलं बोललीस, "अजून पाच हैत."

अंगात जीव भरू द्या, मग बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यात आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं तूच केलंस. दरवर्षी पुण्याहून पत्र यायचं, गर्भ पुढं ठेवायचे का. तू सही करून पाठवायचीस. वैशाली. पत्र फाइलीच्या नावानं आलेलं, म्हणून सहीपण त्याच नावानं. जल्दी कर, पोस्ट बंद होईल, म्हणून मलाच पळवायचीस. आईचं सगळं आटोपल्यावर आपण दोघी पुण्याला गेलो. दादाचा सीझन होता.

समोरच्या पोरीनं कॉम्प्युटर पाहिला, रजिस्टर पाहिलं, आत जाऊन आली. वैशाली नावानं टाकीत काही नाही म्हणाली. तू म्हणालीस, कौसल्या बघा. ती पुन्हा आत गेली आणि येताना एका डॉक्टरला घेऊन आली. आपल्या डॉक्टरीणबाई नोकरी सोडून गेल्या होत्या, हा नवा होता, पोरगेलाच.

"कौसल्या नावाचे पाच होते," तो म्हणाला. "पण त्या बाईंनी तीन वर्षांत एकदाही कळवलं नाही. मुदत संपली की असे गर्भ आमच्याकडे अभ्यासाला देतात. संशोधनाला. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर तसं छापलेलं असतं."

"त्या बाई म्हंजे मीच."

"मग तुम्ही कळवायला हवं होतं."

"कळवलं ना. दर वर्साला कळवलं."

त्यानं फाइल उघडून पाहिली. "हे वैशालीबाईंनी कळवलंय."

मी मध्ये पडले, सगळं समजावून सांगितलं, तांदळाच्या ताटापासून. त्याला ते समजलं. खरं सांगते, त्याला समजलं, आणि म्हणून मला जास्त लागलं. मान हलवली, वाईट झालं म्हणाला. मग तू एकेक विचारायला लागलीस. कुणाला दिले? नावापुढं "अभ्यासासाठी" एवढाच शेरा आहे, म्हणाला. कधी दिले? ते नाही. काय अभ्यास केला त्यांचा? बाई, अभ्यास म्हणजे अभ्यास.

"मंग तुम्ही लिवता तरी काय?"

"हे लिहायचं बंधन नाहीये कुणावर," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, साध्या आवाजात.

परतीच्या गाडीत आपलं ते भांडण सुरू झालं, जे नंतर कधी संपलंच नाही. मी तुला समजवायला गेले. म्हटलं, कौशे, ते मूल नव्हतं गं, खसखशीच्या दाण्याहून बारीक असतं ते, जाऊ दे. तू माझ्याकडं असं पाहिलंस की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी कवा म्हटलं मूल होतं म्हणून? माझं होतं, एवढंच म्हणते मी," तू म्हणालीस. "मेले असतील तर मेले म्हणा. कापून बघितले असतील तर तसं सांगा, मी ऐकून घेते. पण दुसऱ्या कुणाच्या पोटात घातले असतील, तर? पुण्याच्या एखाद्या शाळेत ह्यांच्या नाकाचं पोरगं बसलेलं असंल शोभे. मला कळाया नको का?"

अख्ख्या गाडीत ते ऐकू गेलं असेल. मला तेव्हा तुझी लाज वाटली. जालना येईपर्यंत आपण बोललो नाही, आणि स्टँडवर उतरल्यावर तू मला रसवंतीवर नेलंस. भांडण त्या दिवशीपुरतं मिटलं. पण तुला त्या दिवसापासून एवढं एकच पाहिजे होतं, की त्या पाचांचं काय झालं. भरपाई नको, माफी नको, कुणाची नोकरी जायला नको. काय झालं, तेवढं सांगा.

मीच तुला आमच्या साहेबांकडं नेलं. गर्भलिंग तपासणीच्या कायद्याचं काम आमच्या ऑफिसात होतं आणि टेबल माझंच. कुठल्या डॉक्टरकडं सोनोग्राफीचं मशीन आहे, कुणाची तपासणी केली, कशासाठी केली, सगळ्याचे कागद माझ्या कपाटात. कपाट मावेना म्हणून गठ्ठे खुर्चीवर. मला वाटलं, गर्भाचं काम आहे, इथं नाही तर कुठं दाद लागणार? साहेब माणूस म्हणून भला होता. चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आपल्या कायद्यात पोटातला गर्भ बसतो. टाकीतला बसत नाही."

तू कपाला हातही लावला नव्हतास. "साहेब, आमचे हे बियाण्याच्या कंपनीत हैत," तू म्हणालीस. "सरकीच्या एकेका पिशवीला चिठ्ठी असती. लॉट नंबर, उगवण किती, मुदत कवाची. सरकारचा इन्स्पेक्टर येतो, नमुना घेऊन जातो. चिठ्ठी नसली तर गोडाऊनला सील. आन् माणसाच्या बियाला काहीच न्हाई?"

साहेबानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमचं म्हणणं बराबर आहे. पण मी कोणत्या कलमाखाली लिहू, तेवढं सांगा." तुला वाटलं तो टाळतोय. मला माहीत होतं तो टाळत नव्हता. आमच्याकडं कलम नसलं की डोळ्यासमोर घडलेलं पण दिसत नाही, आणि असा आंधळेपणा निभावण्याबद्दलच आम्हाला पगार मिळतो.

मग सुरू झाले तुझे अर्ज. तुझे वडील तेव्हा हयात नव्हते, पण भाषा त्यांचीच, मेहेरबान साहेबांचे सेवेशी, पासून पुढं. पहिला अर्ज वैशाली नावानं गेला. जवाब आला की सदर गर्भ कौसल्या नामक महिलेचे असून अर्जदाराचा संबंध दिसून येत नाही. बरं. दुसरा अर्ज कौसल्या नावानं केलास. तर म्हणे कौसल्या नावाची महिला सदर पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा जोडावा. पत्त्याचा पुरावा म्हणजे रेशन कार्ड, त्यावर कोण? वैशाली. मग अंबडच्या कोर्टात जाऊन, तुझ्या बापाच्याच लिंबाखाली, दोन्ही एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं. ते पुरेना म्हणून राजपत्रात छापून आणलं. अमुक तारखेपासून कौसल्या ही वैशाली. तर मुंबईच्या एका विद्वानानं कळवलं की नावातला बदल त्या तारखेपासून पुढं लागू होतो, घटना त्याआधीची आहे. म्हणजे दवाखान्यात गेलीस तेव्हा तुम्ही दोघीच होतात. तू ते पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि हसायला लागलीस. मी पण हसले. हसता हसता तुझं रडू सुरू झालं आणि मला ते कळायला उशीर झाला.

एवढं करून दोघींची एक बाई झालीस, तर पुणं म्हणालं हा विषय मुंबईचा, मुंबई म्हणाली दिल्लीचा, आणि दिल्लीनं लिहिलं, असल्या केंद्रांसाठी नियम करण्याचं काम चालू आहे. माहितीचा अधिकार आला तेव्हा तू पेढे वाटायचीच बाकी होतीस. जवाब काय आला? संस्था खासगी आहे, माहिती आमच्याकडं नाही, आमच्याकडं ठेवण्याची तरतूद नाही. म्हणजे देशातल्या एकाही कचेरीत असं कपाट नव्हतं, ज्यात तुझ्या पाचांबद्दल एक ओळ लिहून ठेवायला पाहिजे होती. सगळं घोंगडं भिजत पडलं. तू एकदा देवघरापुढं बसून म्हणालीस, रेणुकाईनं तरी कुठं लिवून ठेवलं असंल का गं?

आणि आता तुझ्यावरचा राग. तो पण ऐक.

औरंगाबादच्या संस्थेतून मूल आणू, असं मी तुला कितींदा म्हटलं. दादा तयार होता, ही एकच गोष्ट त्यानं स्वतःहून काढली होती. तू नाही म्हणाली नाहीस, तेही बरं झालं असतं. तू म्हणायचीस, "आणू. पण आधी त्या पाचांचं कळू दे. एकाचं काय झालं ते माहीत न्हाई आन् दुसऱ्याला आई म्हणून कसं घेऊ?" मी म्हणायची, सरकारी काम आहे, कळणार नाही, मी आतली आहे, मला विचार. तू ऐकलं नाहीस. एकदा आपण तिघं जाऊनही आलो संस्थेत. एक पोरगी होती, केस कापलेली, तुझ्या पदराच्या काठाशी खेळत बसलेली. तू तिला मांडीवर घेतलंस आणि परत आल्यावर दिल्लीला स्मरणपत्र लिहायला बसलीस. मग संस्थेच्या बाईंनी सांगितलं की तुमचं दोघांचं वय आता अटीच्या पुढं गेलं. जवाबाची वाट बघता बघता ती अटपण निघून गेली.

गेल्या महिन्यात त्यावरूनच उडालं. तू पुन्हा नवीन अर्ज लिहीत बसलेली, मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, पुरे आता. तू मान वर न करता म्हणालीस, "तुला काय, तुझं काय गेलं?" आणि मी तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, माझी भाची गेली. ती संस्थेतली, केस कापलेली. तुझ्या टाकीतल्या पाचांपायी तू ती जित्ती पोरगी घालवलीस.

तू पेन खाली ठेवलंस. आपली रीत होती त्याच दिवशी मिटवायची, पण त्या दिवशी तू जेवली नाहीस, दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली नाहीस, आणि चार दिवसांनी छातीत कळ आली. दवाखान्यात तू माझा हात धरला होतास. मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालीस, गॅस बंद केला का बघ. एवढंच. मी जे बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून मी ते मागं घेत नाही. पण तू त्यावर काय म्हणणार होतीस, ते मला ऐकायचं होतं. माझी तयारी होती ऐकायची.

काल दुपारी फोन वाजला. पुढच्या खोलीत दादा आणि अंबडचे मामा बसलेले. मामा हळू आवाजात दादाला सांगत होते की परतूरकडची एक बाई आहे, नवऱ्यानं टाकलेली पण वळणाची, तुझंही वय काही निघून गेलं नाही. दादा हो म्हणत नव्हता आणि नको पण म्हणत नव्हता. खाली मान घालून भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत होता. मीच उठून फोन घेतला.

"कौसल्याबाईंशी बोलायचं होतं," एका पोरीचा आवाज. मला वाटलं अंबडचं कुणी असेल, तुझ्या माहेरचं, ज्यांना अजून कळलं नाही. म्हटलं, कुठून बोलताय? तर पुण्याहून. त्या दवाखान्यातून.

तिनं सगळं नीट सांगितलं. दवाखाना आता दुसऱ्या लोकांनी घेतलाय. दिल्लीहून नियम आलेत, टाकीत जे जे आहे ते एकेक मोजून लिहून काढा. त्यांनी मोजलं. तर तळाला कौसल्या नावाच्या पाच नळ्या निघाल्या. "आमच्या जुन्या कागदांवर अभ्यासासाठी असा शेरा आहे मॅडम," ती म्हणाली, "पण त्या कुणालाच दिलेल्या नाहीयेत. बहुतेक द्यायच्या म्हणून लिहिलं असेल आणि राहून गेलं असेल. आहेत इथेच."

तिथंच होते. तू मुंबईला लिहीत होतीस तेव्हा तिथंच होते, दिल्लीला लिहीत होतीस तेव्हा तिथंच, आपण रिसेप्शनवर उभ्या राहून त्या पोरगेल्या डॉक्टरशी वाद घालत होतो तेव्हा दोन भिंतींपलीकडं. त्यानं आत जाऊन झाकण उघडलं असतं, तर तुझं वय होतं. तुझ्यात ताकद होती. तू त्याच दिवशी टेबलावर जाऊन झोपली असतीस. पण त्यानं शेरा वाचला. मी पण क्लार्क आहे, मी पण शेराच वाचते. मला त्या पोरीला फाडून खावंसं वाटलं, आणि तिचा काय गुन्हा? इतक्या वर्षांत मोजायला बसलेली ती पहिलीच.

"तर मॅडम, तीन पर्याय आहेत," ती सांगत होती. "ठेवायचे, अभ्यासाला द्यायचे, की काढून टाकायचे. आणि पेशंट हयात आहेत ना, तेवढं विचारायला सांगितलंय. नसतील तर काढून टाकायचा नियम आहे. तुम्हीच ना कौसल्याबाई?"

पुढच्या खोलीत मामा म्हणत होते, वर्षभर थांबलं की झालं, लोकं काही म्हणत नाहीत.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एका कागदावर खाडाखोड केलेली नाही. साहेब लोक माझं उदाहरण द्यायचे.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"मग काय लिहू?"

"ठेवा."

तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, एकदा समक्ष येऊन सही करावी लागेल. येते म्हटलं.

ठेवून काय करायचं, ते मला विचारू नकोस. माझं वय गेलं, तू गेलीस, आणि परतूरच्या त्या बाईला तर मी हे सांगणारच नाही. मूल नव्हतं गं ते, हे मी आजही म्हणते. पण त्या पोरीनं काढून टाकायचा नियम म्हटलं आणि माझ्या तोंडून 'ठेवा'च निघालं, मी काय करू?

दादाला अजून काही बोलले नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला चाललेय. तिथं कुणी कौसल्या म्हणून हाक मारली, की मला उठायचंय.